कोऱ्या पानांवरच्या सह्या

अण्णा,

परवा दुपारी साडेतीन वाजता मी अगदी तुमच्यासारखी वागले, आणि तेव्हापासून तुमच्यावर चिडले आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणजे हा राग तसा उशिराचाच. आधी भानगड काय ते सांगते. निरनिराळ्या देशांतली काही माणसं एकत्र येऊन साऱ्या जगाच्या कारभारासाठी एक घटना लिहू पाहताहेत. लढाया, समुद्र, हवा, दोन-तीन देशांतून वाहणाऱ्या नद्या हे एकेका सरकारला आवरत नाही, तेव्हा त्याचे नियम कुणी करायचे आणि कसे, असा त्यांचा मसुदा आहे. तुम्ही असता तर "आधी ग्रामपंचायत चालवून दाखवा म्हणावं" असं म्हणून पेपर पुढे ओढला असता. पण त्यांची एक गोष्ट मला आवडली होती. कुठल्याही गावाने सभा भरवावी, मसुदा वाचावा आणि लोक जे बोलतील ते सह्यांसकट पाठवावं, असं त्यांनी कळवलं होतं. नांदेडच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवताना मी आजवर पोरांना लोकसहभागावर टिपा लिहायला लावल्या, आता एकदा स्वतः करून बघू म्हटलं. बिलोली तालुक्यातलं नदीकाठचं एक गाव निवडलं. तुम्ही ग्रामसेवक होतात ते नव्हे, त्या गावात जायची माझी हिंमत नव्हती.

गेल्या आठवड्यात तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात साठेक माणसं जमली. सोयाबीन काढणीचे दिवस, बायका सारख्या उन्हाकडे बघत होत्या. कलमं वाचून होईपर्यंत निम्म्या उठून जातील अशी मला धास्ती. मग मी काय केलं असेल? रजिस्टरची चार कोरी पानं पुढे सरकवली आणि सह्या, अंगठे आधी घेऊन टाकले. मजकूर मागाहून. तुम्ही जन्मभर तेच करत होतात, त्यामुळे माझ्या हाताला ते इतकं सवयीचं होतं की यात काही चुकतंय हे मनातसुद्धा आलं नाही. बोलणं मात्र रंगलं. जगाचा सरपंच नीट वागला नाही तर त्याला खाली कसं उतरवायचं, यावर दोघं तर हमरीतुमरीवर आले. शेवटी माझ्याच एका विद्यार्थिनीची आजी उठली. म्हणाली, "वरच्यानं पाणी सोडायच्या आधी खालच्याला सांगावं. एवढंच लिव्हा. आमचं दोन डाव वाहून गेलं, कुणी सांगाया आलं न्हाई."

परवा मी विभागात बसून ती पानं भरली. सहा वाजता मुदत संपणार होती. मराठवाड्यातून ही एकच सभा जाणार म्हणून प्राचार्यांनी पेपरवाल्यांना आधीच सांगून ठेवलेलं. म्हाताऱ्या बाईचं वाक्य मी "आंतरराष्ट्रीय नदीखोऱ्यांतील माहितीच्या आदानप्रदानासाठी सक्षम यंत्रणा असावी" असं करून टाकलं. सरपंचाला उतरवण्याची गोष्ट गाळली, तिकडे हसं होईल असं वाटलं. तेवढ्यात तिची नात फोन घेऊन आत आली. आजी विचारून राहिली, म्हणाली, तिचं लिहिलं का. फोन स्पीकरवरच होता, पलीकडून म्हातारीने वाचून दाखवायला सांगितलं. आणि मी, अण्णा, त्या पानावर नजर ठेवून ठणठणीत आवाजात वाचलं, वरच्यानं पाणी सोडायच्या आधी खालच्याला सांगावं. तिकडून "हाव, बराबर हाय" आलं. नात माझ्या खांद्याशी उभी होती, पान तिला स्वच्छ दिसत होतं. तिने फोन बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी ओळखली.

कारण त्या पोरीच्या जागी मी उभी राहिले आहे. मी बारावीत आहे, भाकरी थापते आहे. तुम्ही पाटावर चहा घेताय, मांडीशी सभेचं रजिस्टर. मागच्या दारात शेवटच्या गल्लीतली एक बाई उभी आहे. तिचा अंगठा कशावर घेतलाय तेवढं वाचून दाखवा, म्हणते. तुम्ही पान उघडता आणि वाचता की हापसा शेवटच्या गल्लीत बसवावा. मी तवा सोडून तुमच्या पाठीशी आलेली, मला पानावरचं अक्षर दिसतंय. तिथे सरपंचाच्या वाड्यामागची जागा लिहिलेली आहे. बाई हात जोडून जाते. मी विचारते तेव्हा तुम्ही म्हणता, भाकर करपून राहिली ते बघ. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "माणसं थांबत न्हाईत सभेला. सही आधी घेतली न्हाई तर कागद कोरा राहतो." हापसा वाड्यामागे बसला. ती बाई पुढे कितीतरी वर्षं तिथून पाणी आणायची आणि वाटेत तुम्ही दिसलात की रामराम घालायची. मला त्या रामरामाची लाज वाटायची. तुमची लाज मला कधी वाटली नाही असं स्वतःला सांगत आले, ते खोटं होतं.

परवा मी काही पाठवलं नाही. दोन दिवसांची मुदत मागितली, ती मिळाली. प्राचार्य जे बोलले ते इथे लिहीत नाही. आज सकाळी पहिल्या एसटीने गावात गेले, नात बरोबर होती, वाटेत एक शब्द बोलली नाही. माणसं पुन्हा गोळा केली आणि लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचलं. नऊ जणांनी सह्या खोडायला लावल्या. असलं आपण बोललोच नाही म्हणाले, आणि खरंच होतं. जगाच्या सरपंचाला उतरवण्याची गोष्ट परत मजकुरात आली. म्हातारीने तिच्या वाक्याचं मी काय केलं होतं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग फोनवर काय वाचलं व्हतं?"

"खोटं वाचलं होतं," मी म्हटलं.

"मंग आता माझ्याम्होरं लिव्ह," ती म्हणाली. मी लिहीपर्यंत ती वहीवर वाकून उभी राहिली. अक्षर तिला येत नाही, तरी शेवटच्या शब्दापर्यंत हलली नाही.

दुपारी सगळं पाठवून दिलं. परतताना नात मात्र बोलली, पुढच्या सभेला मी येऊ का मॅडम, म्हणाली, आणि मी खिडकीकडे तोंड फिरवलं. तुमच्यावरचा राग अजून आहे, पण पूर्वीसारखा ताठ राहिलेला नाही. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, वहीतच राहील. म्हणून एक सांगून टाकते. आम्ही पाठवलेल्या मजकुराची पहिली ओळ अशी आहे की मसुदा सभेला समजावून सांगितला आणि तो सर्वांना पूर्ण समजला. आज ती ओळ मी जरा घाईने वाचली. कुणी हटकलं नाही, ती तशीच गेली. अण्णा, तो मसुदा मलासुद्धा पुरता समजलेला नाही.