नळावरचा सेन्सर

६ एप्रिल
आजपासून घरातला पाण्याचा प्रश्न संपला. सेन्सर तयार. टिकलीपेक्षा लहान. बॅटरी नाही, वायर नाही, नुसत्या उजेडावर चालतो. नळाच्या तोंडाशी चिकटवायचा. पाणी आलं की माझा मोबाइल वाजणार, मी मोटार लावणार, टाकी फुल्ल. आमच्या गल्लीत पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून तनुजा नळ उघडा सोडून खाली परात उपडी घालते. धार पडली की धडाधड वाजते. इंजिनिअरच्या घरात हे शोभत नाही. परात आजपासून बंद.

७ एप्रिल
ट्रायल. तांब्यानं नळावर पाणी ओतलं. मोबाइल वाजला. तनुजा म्हणाली, पाणी तुम्हीच ओतलं आन् तुम्हालाच कळलं. बायकोला टेक्नॉलॉजीची आवड नाही.

९ एप्रिल
दाढी करताना मोबाइल वाजला. तोंडाला फेस तसाच, अंगणात धावलो. नळ कोरडा. आमच्या सईनं सेन्सर काढून बाहुलीला टिकली म्हणून लावला होता आणि तिला आंघोळ घालत होती. रागावणार होतो. पण रेंज लई भारी निघाली.

११ एप्रिल
उद्या सत्यनारायण. गंगापूरहून सासरे काकासाहेब येणार, सोबत जीपभर माणसं. टाकीत तळाला पाणी. शेजारचे केशवराव सांगून गेले, आज येईल म्हणे. जाताना विचारलं, रात्री आलं तर? शंका क्षुल्लक आहे. अंगणातला बल्ब रात्रभर चालू ठेवायचा, झालं. तनुजा परात लावते म्हणाली. साफ नाही म्हणालो. घरात एकानं तरी विज्ञानावर विश्वास ठेवला पाहिजे.

१२ एप्रिल, सकाळ
पाणी पहाटे येऊन गेलं. आईनं मध्येच उठून बल्ब बंद केला होता, फुकट कशाला जाळायचा म्हणून. सेन्सर झोपला. मीही. गल्लीतल्या सगळ्या टाक्या भरल्या, आमचं पाणी नालीत गेलं. तनुजा म्हणाली, काय उजेड पाडलात. खरंय, उजेडच कमी पडला. नेमका मुद्दा तिच्या लक्षात आला, बरं वाटलं. केशवरावांकडून बादल्या आणतोय.

संध्याकाळ
प्रसाद वाटताना मोबाइल वाजला. पाणी आलं, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. काकासाहेब स्वतः हंडा घेऊन उठले. अंगणात सई बाहुलीला आंघोळ घालत होती, मी आणलेल्या शेवटच्या बादलीत. काकासाहेबांनी हंडा तिथंच खाली ठेवला. थोडी लाज वाटली.

सेन्सर उत्तम चालतो. परात मी स्वतः लावली.