दिवाळीच्या रिकाम्या गोण्या

जयपूर
१२ जानेवारी २००८

प्रिय गौतमी,

जयभीम. काल फोनवर मी नुसतीच रडले आणि तू घाबरून फोन ठेवलास, म्हणून लिहायला बसलेय. तुझं मराठी वाचणं हिंदीच्या वळणाचं, तेव्हा अक्षर मोठं काढते. शेजारचे शेषरावकाका आज तुझ्याकडे इंदूरलाच निघालेत, त्यांच्या हाती देते.

तुझा भाऊ कोठडीत आहे. बाबांच्या कारखान्याच्या जुन्या मॅनेजरला संकल्पने इथल्या राजा पार्कच्या भरबाजारात कॉलर धरून दुकानातून ओढलं आणि लोखंडी पान्याने त्याचा जबडा फोडला. दात रस्त्यावर सांडले म्हणे. लोक मध्ये पडले नसते तर मेलाच असता. मग पोलिसांनी संकल्पला सोलून काढलं. तळवे इतके सुजलेत की पायात चप्पल जात नाही. मी रागवायला गेले होते. पोरगं म्हणालं, दुसरा वार चुकला एवढंच वाईट वाटतं. आणि मला, मुंगीही न मारणाऱ्या तुझ्या आईला, ते ऐकून बरं वाटलं. घरातल्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघवत नाही, पण तुला खोटं कशाला लिहू.

बाबांचा दमा हा दमा नव्हताच. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर आहे, सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीचा. बरगड्यांतून जाड सुई घालून पाणी काढतात, तेव्हा एवढा धिप्पाड माणूस गुरासारखा ओरडतो, पलंगाच्या दांडीवर डोकं आपटतो. परवा माझ्या मनगटाला चावला. डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. ही धूळ आत जाऊन तीस-चाळीस वर्षं दबा धरते. परदेशात रोग्यांचे आकडे वर्षानुवर्षं चढत गेले; आपल्याकडे कोणी नीट मोजतही नाही, सगळे दम्यात नाहीतर टीबीत खपून जातात. ज्यांनी तेव्हा धूळ खाल्ली ते आता पडू लागलेत, अजून पुष्कळ पडायचेत. आणि रोग कळल्यावर बहुतेकांच्या हाती वर्षभरच उरतं. नवी औषधं आली, पण ते वर्ष काही फारसं लांबलं नाही म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, कारखान्यातून घरी काय यायचं? संकल्प शेजारीच उभा होता. मी म्हटलं, बाबांचे कपडे, आणि दिवाळीला रिकाम्या गोण्या. अ‍ॅस्बेस्टॉस ज्यात यायचं त्याच. मिठाईचा खर्च वाचवायला मॅनेजर स्वतः वाटायचा, आणि वाटताना नाकाला रुमाल बांधायचा. त्याला ठाऊक होतं, गौतमी. आम्ही मात्र खूश. बाबा अंगणात काठीने त्या धोपटायचे, तुम्ही दोघं पांढऱ्या धुरळ्यात नाचायचात. डॉक्टर म्हणाले, त्या गोण्यांतही तीच धूळ असायची. संकल्प तिथून निघाला तो थेट राजा पार्कला. मला दोष देऊ नकोस, मीही घेणार नाही. गोण्या घेताना मी त्या माणसापुढे हात जोडले होते, आता त्याच हातांनी त्याचा गळा आवळावासा वाटतो.

हे पुढचं आधी लिहायला हवं होतं, हात धजला नाही. काल तुझा फोटो आला. बाळ उन्हात उताणं, मूठ तोंडात, आणि खाली निळ्या ठिगळांची वाकळ, तुझ्या लग्नात मी दिलेली. तिच्या पोटात त्याच गोण्या आहेत. आत गोणपाट घातलं की वाकळ जड होते, थंडी शिरत नाही; भुसावळला माझी आई अशाच शिवायची. वरचं लुगडं विरलंय, फोटोतही दिसतं. ती झटकू नकोस, बडवू नकोस, जाळू तर मुळीच नकोस. पाणी शिंपडून ओली कर, जाड प्लास्टिकात दोनदा गुंडाळून घट्ट बांध, आणि कामवालीलाही देऊ नकोस. जावईबापूंना सांगून तिघांचीही छाती तपासून घे. आईची आठवण म्हणून तू ती जपलीस, मला माहीत आहे. पण बाळापुढे अजून चाळीस वर्षं आहेत, आणि त्या धुळीलाही तेवढीच पुरतात. हे पत्र हातातून टाक आणि आधी त्याला उचल.

तुझीच,
आई