नाल्यात सोडलेलं पाणी

बाई, तुम्हाला मशीनचं पाणी माहीत नाही. तुम्ही होतात तोवर आपल्याकडे गावोगावी ही पाणी गोड करायची यंत्रं आली नव्हती. पूर्णेच्या दोन्ही अंगांची खारपाणपट्ट्यातली माणसं तेव्हा विहिरीचं मचूळ पाणी पीत होती आणि मुतखडा हा घरोघरचा पाहुणा समजून चालत होती. आता आपल्या संस्थेनं दर्यापूरच्या वाटेवरच्या एका गावात असं यंत्र बसवलं आहे. एक खोली, आत उभ्या नळ्या, बाहेर तोटी. नाणं टाकलं की कॅन भरतो. खोलीच्या भिंतीवर संस्थेचं नाव आहे आणि त्याखाली तुमचं, तुमच्या स्मरणार्थ म्हणून. तुम्हाला हे आवडलं नसतं हे मला ठाऊक होतं. तरी मी लिहू दिलं, कारण पैसे देणाऱ्यांना भिंतीवर एखादं नाव हवं होतं, आणि तुम्ही तक्रार करायला येणार नव्हता.

हे यंत्र जितकं पाणी गोड करतं जवळपास तितकंच जास्त खारट करून मागे टाकतं. तुम्हीच कॉलेजात शिकवायचा, पदार्थ नाहीसा होत नाही, जागा बदलतो. आमच्या यंत्रातला खार एका पाइपातून मागच्या नाल्यात जातो. नाल्याच्या खालच्या अंगाला घरांची एक ओळ आहे, मजुरी करणाऱ्यांची. रोज कॅन विकत घेणं त्यांना परवडत नाही. ते नाल्याच्या रेतीत झिरा खणतात, त्यात पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरतात. पावसाचं मुरलेलं ते पाणी गावातल्या कोणत्याही विहिरीपेक्षा गोड होतं. या उन्हाळ्यात ते खारट झालं. खालच्या ओळीतल्या एका म्हातारीनं मला तांब्याभर पाजलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, ऊन फार आहे यंदा, पाणी आटलं की असं होतं. ती म्हणाली, "ऊन तं दरसालच असते."

गुरुवारी पुण्याहून पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं येत आहेत. यंत्र बघून, लोकांशी बोलून ती ठरवणार की अशी आणखी यंत्रं आसपासच्या गावांत बसवायची की नाही. ते ठरलं तर माझ्यासोबत काम करणाऱ्या चार जणींचं मानधन चालू राहील, माझंही. पाइप नाल्यात आहे हे त्यांना सांगितलं तर बहुतेक राहणार नाही. खार साठवायला पक्कं टाकं लागतं, ते आमच्या मंजूर रकमेत नव्हतंच. मी अर्जात लिहिलं होतं, खारट पाणी योग्य ठिकाणी सोडण्यात येईल. ते वाक्य लिहिताना मी थांबले होते हे मला आठवतं. योग्य ठिकाण कोणतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि विचारणारंही कोणी नव्हतं.

तुम्ही विचारलं असतं. म्हणून आज दुपारपासून तुमच्याशी भांडत बसले आहे. अकोल्याचं ऑफिस तेच आहे, दालमिलच्या मागच्या गल्लीतलं, फक्त कूलर बदलला आहे. टेबलही तेच. तुम्ही सोमवारी आणि गुरुवारी अमरावतीहून एसटीनं यायचा, पिशवीत डब्यासोबत लिटमस कागद आणि काचेच्या बाटल्या असायच्या, आणि आल्या आल्या आधी पंखा बंद करायचा कारण कागद उडतात. आम्ही घामाघूम व्हायचो. तेव्हा आपलं काम शहराच्या कडेच्या त्या वस्तीत होतं, जिथे नळ नव्हता आणि टँकर मनात येईल तेव्हा यायचा. कापसाची ती वाईट वर्षं होती. वस्तीतली निम्मी माणसं गावं सोडून आलेली. बाहेरून वऱ्हाडात पैसा येत होता तो एकाच दुःखासाठी, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी, आणि ज्या संस्थांना ते दुःख अर्जात नीट मांडता यायचं त्यांच्या दारात जीपगाड्या उभ्या राहायच्या. मी तुम्हाला म्हटलं होतं, आपणही दोन ओळी टाकू या, ही माणसंही शेतीतूनच उठून आली आहेत, खोटं कुठे आहे त्यात. तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "ती ज्या कारणासाठी आपल्याकडे येतात ते लिही. त्यांना पाणी पाहिजे." मग आपल्याला थोडेच पैसे मिळाले, आणि त्या थोड्या पैशांतून ते ड्रम आले.

ते दिवस मी फार वेळा मनात उलगडून पाहिले आहेत. टँकरचं पाणी साठवायला प्रत्येक घरी झाकणाचा एक निळा ड्रम द्यायचा असं ठरलं. आपले खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेले काका, भंगार बाजारात तीन चकरा मारून नव्याच्या निम्म्या भावात ड्रम घेऊन आले. काय खूश होते ते. म्हणाले, "वाचले तितक्यात आणखी एक गल्ली होते." ड्रम धुतलेले, चकचकीत, खाण्याच्या तेलाचे असल्याचं दुकानदारानं सांगितलेलं. आपण फोटो काढले. उन्हं तापली तशी बायकांची कुरकूर सुरू झाली की पाण्याला वास येतो. मग तो सोमवार. तुम्ही पदर खोचून एका रिकाम्या ड्रममध्ये खांद्यापर्यंत वाकता, आम्ही सगळे उभे, पोरं हसतात की बाई ड्रममध्ये गेल्या. तुम्ही बाहेर येता, रुमालानं नाक पुसत राहता. मग काकांकडे बघून म्हणता, "हे फवारणीचं औषध आहे." काका तिथेच ओट्यावर बसले. कोणाच्या पोटात काय गेलं, कोणाला त्यातून काही झालं का, हे आपल्याला कधीच कळलं नाही. अजूनही मला ते कळलेलं नाही.

आपली रीत होती की वर्षाचा हिशेब ऑडिटरकडे जाण्याआधी वस्तीत वाचायचा. ज्यांच्या नावावर पैसे आणले त्यांनी तो आधी ऐकायचा, असं तुमचं म्हणणं. संध्याकाळी दर्ग्याजवळच्या मोकळ्या जागेत सतरंज्या टाकायच्या, तुम्ही उभं राहून एकेक बाब वाचायची, आणि लोकांनी मध्येच अडवायचं. त्यात मजाही असायची. रिक्षाचं भाडं वाचलं की कोणीतरी म्हणायचं, एवढ्यात तर बुऱ्हाणपूर होऊन येते. चहाचा खर्च वाचला की बायका एकमेकींना विचारायच्या, तुले भेटला का चहा, मले तं नाही भेटला. आमचे पगार वाचले जायचे तेव्हा माझे कान तापायचे. त्या वर्षी मी तुम्हाला अमरावतीच्या तुमच्या स्वयंपाकघरात गाठलं होतं. तुम्ही कढीला फोडणी देत होता. मी म्हटलं, ड्रम परत घेऊ, नवे देऊ, पण हे तिथे वाचू नका, पैसे देणाऱ्यांच्या कानावर जाईल. तुम्ही कढी ढवळत राहिलात. मी दोन्ही बाजूंनी बरंच बोलले. शेवटी तुम्ही म्हणालात, "तुला सगळ्यांच्या बाजू दिसतात. पण त्यात तुझा दिवस मावळतो गं." आणि मला जेवायला बसवलंत. तुम्ही रागावला नव्हतात. म्हणूनच ते इतकी वर्षं टोचतं आहे.

तुम्ही वाचलंत. ड्रम कोणाकडून घेतले, त्यात आधी काय होतं, आपण कसं तपासलं नाही, सगळं. काकांचं नाव घेतलं नाहीत, संस्थेनं म्हणालात. लोक ओरडतील असं वाटलं होतं, पण ते उठून सतरंज्या गुंडाळायला लागले. मग पेपरात आलं, मग मुंबईहून पत्र आलं, आणि पुढच्या वर्षाचे पैसे आले नाहीत. काकांनी येणं बंद केलं. तुम्ही मात्र सोमवार-गुरुवार येत राहिलात, तुमच्या पेन्शनमधून नवे ड्रम घेतलेत, नगरपालिकेत नळासाठी खेटे घातलेत. सगळे म्हणायचे, अशी बाई होणे नाही. मीही म्हणायची.

पण खालाचं काय, बाई? आपल्याकडे आरोग्याचं काम बघायची ती, भंगारवाल्यांच्या घरातली. आधी ती नवऱ्यासोबत तसलेच ड्रम धुवायची, हातांची साल निघालेली असायची. आपल्याकडे मानधन मिळायला लागलं तेव्हा तिनं ते काम सोडलं होतं. पैसे थांबले तशी ती परत ड्रम धुवायला बसली. तुम्ही आजारी पडून अमरावतीलाच राहायला लागलात त्या दिवसांत मी तिच्याकडे गेले होते. ती कोपरापर्यंत हात घालून ड्रम घासत होती. मी म्हटलं, खाला, बाईंनी खरं सांगितलं म्हणून हे झालं, पण खरं तर सांगायलाच हवं होतं ना. तिनं वर न बघता म्हटलं, "बाईचं खरं बोलणं बाईले परवडलं, बेटा. त्याईले पेन्शन आहे." त्यात चीड नव्हती. भाव सांगावा तसं तिनं सांगितलं. मी ते तुम्हाला कळवलं नाही. तुम्ही तेव्हा गादीवर बसूनही कोणाकोणाला अर्ज लिहीत होता.

इतकं लिहून वाटतं, मी हे माझ्या सोयीसाठी आठवते आहे. खालाचं वाक्य पुढे केलं की मला गुरुवारी गप्प राहायला आधार मिळतो. आणि तुमचं हिशेबवाचन पुढे केलं की माझ्या चार जणींना घरी बसवून मी ताठ मानेनं फिरू शकते. खालच्या ओळीतली म्हातारी या दोन्हींत कुठे आहे? तिनं तर मला फक्त पाणी पाजलं. आणि वरच्या गल्लीतल्या माणसांचं काय, ज्यांच्या घरी यंत्राच्या पाण्यावर पोरं वाढत आहेत, ती काही कोणी सावकार नाहीत. त्यांना मशीन बंद करा असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

मग मी एक केलं, जे तुम्ही केलं नव्हतं. चौघींना बोलावून सगळं सांगितलं, पाइप, झिरा, अर्जातलं वाक्य, आणि विचारलं, काय करायचं. मला वाटलं हे तुमच्यापेक्षा बरं, ज्यांचं जाणार त्यांना आधी विचारणं. दोघी म्हणाल्या सांगून टाका, एकीनं खाली मान घातली. चौथी, परतवाड्याहून लग्न होऊन आलेली, दोन लेकरांची आई, तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "मले विचारून काहून राहिल्या ताई तुमी? उद्या काम गेलं तं तुमी म्हणसान, तिनंच हो म्हटलं होतं. आन नाही सांगतलं तं म्हणसान, ती नाही म्हणे." मी म्हटलं, तसं नाही गं. ती म्हणाली, "मंग कसं हाये?" मी चहा मागवला. तो पिऊन सगळ्या आपापल्या कामाला गेल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी गावात गेले. उद्या, म्हणजे बुधवारी, तिथे हिशेबाची बैठक आहे. हो, ती रीत मी चालू ठेवली आहे, पण आता वाचताना बाबी एकत्र करून वाचते, 'प्रकल्प खर्च' म्हणते, आणि मध्ये कोणी अडवत नाही. गावात पोचले तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. यंत्र चालवणारी जेवायला गेली होती. पाइपातून पाणी नाल्यात पडत होतं, बारीक, एकसारखं. मी आत गेले आणि मेन स्विच खाली केला, पॅनलला कुलूप लावलं. बाहेर आले तेव्हा ओट्यावर कॅन घेऊन दोघं-तिघं उभे होते. काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मोटर जळाली.

आपल्याकडे मोटर जळाली म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही, तुम्हाला माहीत आहे. मोटरी जळतच असतात. त्यांनी कॅन उचलले आणि शेजारच्या गावाकडे निघाले. मला वाटलं, दोन दिवस तरी नाल्यात खार जाणार नाही. तेवढ्यात मी ठरवीन. आणि झिरा दोन दिवसांत गोड होत नाही, हे रसायनशास्त्राची डिग्री असलेल्या मला कळत होतं.

पण गावात चर्चा झाली असणार. आज सकाळी ती खालच्या ओळीतली म्हातारी आणि तिची सून जीपनं अकोल्याला आल्या, पत्ता विचारत ऑफिसात आल्या. मशीन बंद आहे, मोटरच्या वायंडिंगला खर्च येईल, म्हणून गावानं वर्गणी काढली होती. वरच्यांनी दिली तशी खालच्या ओळीनंही दिली होती. झिरा खराब झाल्यापासून आता त्यांनाही मशीनचंच पाणी लागतं, उसन्या पैशांनी. म्हातारीनं रुमालाची गाठ सोडून पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "लवकर करा बाई, लेकरं खारंच पिऊन राहिली." मला बाई म्हणाली ती. तुम्हाला म्हणत तसं.

मी तिला बसायला सांगितलं. पाणी दिलं. उद्याच्या बैठकीत मी पाइपाचं वाचणार आहे, प्रत्येक शब्द सुटा करून, असं आत्ता या क्षणी मला वाटतं आहे, आणि गुरुवारचं गुरुवारी. पण ते पैसे मी नको म्हणाले नाही, बाई. नको म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि ती समोर बसली होती. मी ते घेतले आणि तिला पावती करून दिली.