हमीदभाईंची लाँच आणि माझा एक ठोका

२ मे २००३, शुक्रवार
निश्चय : एम.ई. या वर्षी संपवायचंच. गेल्या वर्षी हाच निश्चय होता, पण ती डायरी वेगळी होती, म्हणून तो धरत नाही. आज विद्यापीठाचं पत्र आलं. माझं सातवं वर्ष. ३१ ऑगस्टच्या आत प्रबंध पास झाला पाहिजे, पुढे मुदतवाढ नाही. प्राचार्य म्हणाले, शिवलकर, एम.ई. झालं तर असिस्टंट प्रोफेसरची जागा तुमची. नाहीतर तेजस्वी मयेकर मॅडमना देणार. तेजस्वी मॅडम म्हणजे माझीच विद्यार्थिनी. व्हायब्रेशनच्या पेपरात मी तिला अडतीस मार्क दिले होते. तेही जरा जास्तच झाले असं आज वाटतंय.

९ मे, शुक्रवार
विषय सापडला. पूर्णगडचे हमीदभाई कॉलेजात आले होते. त्यांच्या मासेमारीच्या लाँचचं इंजिन अकराशे आरपीएमवर गेलं की सगळी केबिन थरथरते आणि चहाची किटली आपल्या पायाने चालत कडेला येते. यंदाचा सीझन सुरू व्हायच्या आत इलाज हवा. मी म्हटलं, तुम्ही योग्य माणसाकडे आलात. तेजस्वी मॅडम शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

१७ मे, शनिवार
वाचन. (चाळीस पानं. पैकी सहा समजली. बाकीची अनुभवाने कळतील.) तत्त्व सोपं आहे. लाँचला एक खास हातोडी मारायची. तिच्यात जोर मोजायची सोय असते. लाँचवर सेन्सर चिकटवायचा, तो हालचाल मोजतो. हालचालीला जोराने भागायचं. भागाकार आला की झाला फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स. ग्राफमध्ये जिथे टोक येईल, त्या वेगाला लाँच थरथरणार.
दुसरी गोष्ट कोहिरन्स. जे हललं ते माझ्या ठोक्यामुळेच हललं का, याचा दाखला. एक आली तर शंभर टक्के माझ्यामुळे. शून्य आली तर मी घरी झोपलो असतो तरी चाललं असतं. पुस्तकात म्हटलंय की पुष्कळ ठोके मारून सरासरी घ्यावी. हे नवशिक्यांसाठी असावं.

२५ मे, रविवार, संध्याकाळी
ऐतिहासिक दिवस! हातोडी-सेन्सरची आकडेमोड करणारा ॲनालायझर पुण्याहून चार दिवसांच्या भाड्याने आणलाय. बायकोच्या, मालनच्या, जुन्या साडीत गुंडाळून एसटीने पूर्णगडला नेला. (मालनचं म्हणणं, साडी जुनी नव्हती.) लाँच पावसाळ्यासाठी वर ओढून ठेवली होती. हमीदभाईंच्या घरातून वायर ओढून वीज घेतली. सेन्सर इंजिनच्या बैठकीवर मेणाने चिकटवला. मग हातोडी उचलली आणि एक ठोका मारला.
स्क्रीनवर कोहिरन्स १.००. शून्यापासून चारशे हर्ट्झपर्यंत सरळ रेषा, कुठे केसभर खड्डा नाही. टोक नेमकं पन्नास हर्ट्झला. अंगावर काटा आला.
हमीदभाई म्हणाले, सर, यकदाच ठोकलाव? नि तेवढ्यात कळला पण? मी म्हटलं, हात बसलेला असला की पुरतं.
किरकोळ नोंद : आवराआवर करताना दिसलं की सेन्सर बैठकीवर नव्हताच. मेण उन्हाने वितळून तो खाली सुंभाच्या वेटोळ्यावर पडला होता. पण विचार केला. ठोक्याच्या आधी पडला असता तर कोहिरन्स एक आली असती का? नाही. म्हणजे नंतर पडला. सिद्ध झालं.

२६ मे, सोमवार
तेजस्वी मॅडम सुट्टी असून स्वखर्चाने पूर्णगडला आल्या. सेन्सर स्क्रूने बसवला आणि दहा ठोके मारले. दहा! हमीदभाईंनी मध्ये त्यांना दोनदा चहा दिला. मला काल एकदाच दिला होता. मॅडमचा निकाल : टोक अठरा हर्ट्झला, कोहिरन्स तिथे ०.९६, पुढे मागे तर ०.७ वर घसरलेली. पडलेल्या माणसाला आणखी काय बोलायचं.
त्या म्हणाल्या, सर, अठरा हर्ट्झ म्हणजे मिनिटाला हजार-अकराशे फेरे, हमीदभाई म्हणतात तोच आकडा. मी म्हटलं, योगायोग.

२८ मे, बुधवार
हमीदभाईंना अंतिम सल्ला दिला. लाँच पन्नास हर्ट्झला, म्हणजे तीन हजार आरपीएमला थरथरते. तुमचं इंजिन अठराशेच्या वर जातच नाही, तेव्हा लाँच ठणठणीत आहे. त्यांनी विचारलं, मग माजी किटली कशाला चालतेय? मी म्हटलं, किटली बदला.

८ जून, रविवार
प्रबंध लिहायला बसणार होतो. आधी ग्राफ लॅमिनेट करून आणला. बैठकीच्या खोलीत लावला. मालनने विचारलं, ही सरळ रेघ कशाची? म्हटलं, माझ्या कामाची. ती म्हणाली, कुठेच काही होत नाही असं दिसतंय.

१९ जुलै, शनिवार
प्रबंध दिला. एकशे दहा पानं, त्यात चव्वेचाळीस पानं ऋणनिर्देश आणि परिशिष्टं. तेजस्वी मॅडमनी पुन्हा एकदा, फार नरमाईने, सुचवलं की निदान चार-पाच ठोके मारून बघू या. शेवटी मला सांगावं लागलं की मॅडम, तुमची ०.९६ आहे आणि माझी १.००. शिकवायचं कुणी कुणाला? त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण विज्ञानात भावनेला जागा नाही.

४ ऑगस्ट, सोमवार
तोंडी परीक्षा १२ तारखेला. मुंबईहून एक्स्टर्नल परीक्षक येणार. डेमोसाठी ॲनालायझर पुन्हा मागवलाय. तेजस्वी मॅडम म्हणाल्या, सर, डेमोची सक्ती नाही. घाबरल्या आहेत. जागा हातची जाताना दिसली की माणसाचं असं होतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार
एक्स्टर्नल बुटके, हसतमुख. बिस्किट चहात बुडवत त्यांनी माझा ग्राफ बराच वेळ पाहिला. मग विचारलं, किती ठोक्यांचं ॲव्हरेज घेतलंत? मी छाती काढून म्हटलं, एक. एकच लागला.
त्यांनी बिस्किट खाली ठेवलं. सेन्सर माझ्या हातात दिला. शिपाई सखारामला हातोडी देऊन बाहेर पाठवलं आणि व्हरांड्याच्या दाराला एक ठोका मारायला सांगितला. सखारामने मारला.
स्क्रीनवर कोहिरन्स १.००. शून्यापासून चारशेपर्यंत. टोक पन्नासला.
एक्स्टर्नल म्हणाले, एकाच ठोक्यावर काढली की कोहिरन्स एकच येते, दार ठोका नाहीतर देव ठोका. एका साक्षीदाराची एकच जबानी घेतली तर ती खोटी ठरवायला दुसरी असते कुठे? मी पन्नास हर्ट्झबद्दल विचारलं. त्यांनी नुसतं भिंतीतल्या प्लगकडे बोट दाखवलं. आपल्याकडची वीजच पन्नास हर्ट्झची. दोन महिने माझ्या घरात विजेचा ग्राफ टांगलेला होता.
मग त्यांनी विचारलं, नीट मोजलेलं काही आहे का? तेजस्वी मॅडमनी फायलीतून त्यांचा दहा ठोक्यांचा ग्राफ काढला. एक्स्टर्नलनी तो उजेडात धरला, अठराचं टोक बघून मान डोलावली आणि मला विचारलं, हे काम कुणाचं?
तोंडात 'आमचं' आलं होतं. खरंच आलं होतं. मॅडम जमिनीकडे बघत होत्या, त्या काही बोलल्या नसत्या. मी म्हटलं, त्यांचं. मी नको म्हणत होतो.
प्रबंध नापास. सही करताना एक्स्टर्नलनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्याची जास्त लाज वाटली.

१४ ऑगस्ट, गुरुवार, दुपारी
जागा तेजस्वी मॅडमना. मी पेढे नेऊन दिले. त्या रडल्या, मग मीही थोडा. हमीदभाईंनी म्हणे जूनमध्येच मॅडमच्या सांगण्यावरून इंजिनखाली रबर घालून घेतलं होतं. मला कुणी सांगितलं नाही.
आता नव्याने, शास्त्रशुद्ध सुरुवात. माझं नक्की काय चुकलं याचं मोजमाप घ्यायचं ठरवलं. सकाळी मालनला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही कुणाचं ऐकतच नाही. कॉलेजात तेजस्वी मॅडमना विचारलं. त्यांनी आधी आढेवेढे घेतले, मग तेच म्हणाल्या. बूथवरून हमीदभाईंना फोन लावला. ते म्हणाले, सर, तुमी आयकलाव कदी?
तीन ठोके झाले. दहा हवेत. पण चौथ्याला विचारायचा धीर झाला नाही.