घासलेली चांदी

थेस्सालोनिकी,
मंगळवार, १२ फेब्रुवारी २०१३

पांदेलीस यास,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण पेन अडलं. नमस्कार करायची रीत आहे म्हणून नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. तुझा रक्तदाब कसा आहे ते विचारायला बायकोने सांगितलंय, म्हणून विचारतो. माझी चौकशी नाही.

तुझं पत्र प्रदर्शनाच्या आधी दोन आठवडे पोचलं होतं. नाण्यांच्या प्रदर्शनात एक टेबल हवं, भाडं किती, असं तू विचारलंस. तर ऐक. पत्रकात ऐंशी युरो छापलंय. प्रत्यक्षात एका टेबलामागे दालनाचे साठ पडतात, कापड आणि दिव्याचे बारा, पहारेकऱ्याचे अठरा, आणि यंदा हॉटेलवाल्याने हीटरचे वेगळे लावले, ते पंचवीस. झाले एकशे पंधरा. म्हणजे दर टेबलामागे पस्तीस माझ्या खिशातून. एवढं सोसून मी ते टेबल प्लोव्हदिवहून येणाऱ्या क्रासिमीरला देतो, लारिसाहून येणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला देतो. तुला देत नाही. तुझ्यासाठी ते कुठल्याच भाड्याला नाही.

वर तू लिहितोस की दालनाचा सगळा खर्च मी उचलतो, फक्त माझी पाटी दाराशी लागू दे. 'सोने-चांदी खरेदी, रोख आणि ताबडतोब.' पिवळ्या रंगात असेल ना ती? सगळ्या शहरात तोच रंग झालाय. औषधांची दुकानं बंद, पादत्राणांची बंद, आणि प्रत्येक रिकाम्या गाळ्यात तुझा एकेक भाऊबंद वितळवायच्या भट्टीसाठी माल गोळा करत बसलाय. अठरा वर्षांपूर्वी तू आणि मी मिळून हे प्रदर्शन उभं केलं. तीन वर्षांपूर्वी तू म्हणालास, "लोकांना आता इतिहास नको मिल्तोस, पैसे हवेत," आणि गेलास. गेलास तो गेलास. तुझं दुकान कुठल्या गल्लीत आहे हे मला आजही ठाऊक नाही, आणि करूनही घ्यायचं नाही. फुटपाथवर चादर पसरून पोस्टाची जुनी तिकिटं विकण्यापासून मी इथवर आलो ते कुणाच्या भट्टीच्या उबेवर नाही.

प्रदर्शन कसं झालं हे तू विचारणारच, कारण ते बुडालं असेल अशी तुझी आशा आहे. बुडालं नाही. शनिवारी सकाळीच दालन भरलं. वर्तमानपत्रवाला येऊन फोटो काढून गेला, 'मंदीतही नाणेप्रेमींची गर्दी' असं छापूनही आलं. कात्रण जोडलंय. भिंतीवर लाव.

आता तू शंका काढशील, म्हणून मीच सांगतो. माझे कान अजून शाबूत आहेत. खिडकीजवळच्या खुर्च्यांवर दोन म्हातारे बसले होते, कोट न काढता. एक दुसऱ्याला सांगत होता, तिकीट दोन युरो, पण दिवसभर पाय तापतात. घरी बायकोने कालपासून जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांकडे बघायला सुरुवात केलीय, शेगडीत घालायला. बरेचसे असेच होते. जळणाच्या तेलावरचा कर वाढल्यापासून इमारतींचे हीटर थंड आहेत, शहरावर लाकडाचा धूर बसलाय, तुझ्याही नाकात जातच असेल. माणसं ऊब घ्यायला आली. नाण्यांच्या पेट्यांवरून नजर फिरवायची, काच पुसल्यासारखं करायचं, आणि पुन्हा खुर्ची पकडायची.

विकत घेणारे कुठे होते? दरवर्षी येणारा तो दंतवैद्य आला. दोन बायझंटाईन नाणी बघितली, हातात तोलली, आणि परत ठेवताना माझ्या खांद्यावर असा हात ठेवला की जणू मीच वारलो होतो. विक्रेत्यांनी मग आपापसात विकायला सुरुवात केली. क्रासिमीर दुपारी म्हणाला, "दादा, सकाळी मी एक चांदीचा थॅलर विकला. चार टेबलं फिरून तो माझ्याकडेच परत आलाय, आणि दर टेबलाला थोडा स्वस्त झालाय. संध्याकाळपर्यंत थांबलो तर फुकट मिळेल." सगळे हसले. रोख मात्र कुणाच्याच खिशात नव्हती. चिठ्ठ्यांवर धंदा चालला होता, महिनाअखेरच्या वायद्यावर.

इथपर्यंत वाचून तुला बरं वाटलं असेल. आता पुढचं वाच.

शनिवारीच अकराच्या सुमाराला एव्हान्थियाकाकू आल्या. स्टेरियोसकाका गेल्यापासून मी त्यांना पाहिलं नव्हतं. चर्चला घालतात तो काळा कोट, ओठाला थोडा रंग, आणि दोन्ही हातांत पेललेली पावाची मोठी परडी, वर भरतकामाचा रुमाल. मला वाटलं, सगळ्यांसाठी काही भाजून आणलंय. त्यांनी परडी माझ्या टेबलावर ठेवली आणि रुमाल काढला.

काकांची चांदी होती, पांदेलीस. सगळी. तुर्की अंमलातली, राजांच्या वेळची, ऑस्ट्रियाची. रविवारच्या रविवारी औषधाचं दुकान बंद ठेवून चाळीस वर्षं त्यांनी जमवलेली. आणि ती नव्या चमच्यांसारखी लखलखत होती.

क्रासिमीरने तोंड फिरवलं. लारिसाच्या बाईने छातीवर क्रूस काढला.

काकू म्हणाल्या, "बघ रे मिल्तोस, कशी काळी पडून होती बिचारी. यांनी कधी हात लावू दिला नाही. आठवडाभर घासतेय, सोडा आणि लिंबू. माणसं बघायला येणार, तर घाणेरडी कशी आणायची?"

मी विचारलं, कागदाची पाकिटं होती ना, काकांच्या अक्षरातली? तर ती शेगडीत गेली. तेवढीच ऊब.

घासण्याने काय झालं ते मी त्यांना सांगितलं नाही. तुला सांगायची गरज नाही, पण सांगतो, कारण तीन वर्षांत तू विसरला असशील. ती काळी साय म्हणजे नाण्याची कातडी. संग्राहक पैसे मोजतो ते तिचे. सोडा-लिंबाने ती निघाली की चांदी उरते, आणि चांदीला फक्त वजन असतं.

काकूंनी किंमत विचारली. मी म्हणालो, आज गिऱ्हाईक नाही काकू. त्यांनी भरलेल्या दालनाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढी माणसं आहेत की रे."

मी टेबलाटेबलांवर परडी फिरवली. ज्या हाताने मी अठरा वर्षं इतरांना टेबलं वाटली, त्याच हाताने. लारिसावाल्यांनी चांदीच्या भावाला देऊ म्हटलं, पण महिनाअखेरीला. क्रासिमीरने त्याहून थोडं जास्त म्हटलं, ईस्टरला. काकूंकडे सोमवारपर्यंतच वेळ होता. वीजबिलात जो घराचा कर घुसवलाय तो त्यांनी दोनदा भरला नव्हता. माणूस येऊन तार तोडणार होता. त्या घरात वर्षभर एकट्या, आणि आता अंधारात. मी तिकिटांचा गल्ला उघडला, तर हॉटेलचा मॅनेजर हीटरचे पैसे घ्यायला शेजारीच उभा होता. त्याने जेवढं उरवलं त्यात काकूंचं वीजबिल भरलं नसतं.

मग त्या तुझ्याकडे आल्या. तुझं नाव घेऊन नाही. पिवळी पाटी दिसली म्हणून. तू नव्हतास. काचेआड तुझ्या दुकानातली बाई होती, चष्मा साखळीला बांधलेला. तिने काकूंच्या तोंडाकडे बघितलं नाही, परडी काट्यावर ओतली. काटा खरा होता. एका सेंटचीही हातचलाखी झाली नाही, आणि पैसे नोटांत मिळाले. हे मी लिहितोय, नीट वाच, कारण दुसऱ्यांदा लिहिणार नाही. सोमवारी माणूस आला आणि पैसे घेऊन गेला. काकूंच्या घरी दिवा आहे.

पण ती बाई पिशवीला चिठ्ठी अडकवताना म्हणाली की माल शुक्रवारच्या गाडीने भट्टीवर जातो.

आता ज्याच्यासाठी एवढी शाई खर्च केली ते लिहितो. ती पिशवी शुक्रवारच्या गाडीत घालू नकोस.

तुझ्या बोटांना नाणं कडेने धरायला कुणी शिकवलं ते आठव. तू फुटपाथवर माझ्याशेजारी बसायचास, अंगठा थेट राजाच्या तोंडावर ठेवायचास, आणि काका रस्ता ओलांडून यायचे आणि तुझ्या हातातून काढून घ्यायचे. मी हसायचो. मग माझीही पाळी यायची. भट्टीला काय, ती चमचेही खाते. तिला हीच पिशवी लागते असं नाही. आणि चांदी पुन्हा काळी होते, पांदेलीस. कागदात गुंडाळून कपाटात ठेवली की हळूहळू साय धरते. आपल्या हयातीत धरणार नाही. माझ्या लेकीच्या, दानाईच्या, हयातीत धरेल.

माझ्याकडे आज पैसे नाहीत. वजनाची किंमत मी सप्टेंबरपर्यंत फेडीन, हप्त्याने, आणि तू त्यावर व्याज लावलंस तर तुझ्याबद्दल जे बोलतो ते आणखी मोठ्याने बोलेन. आणि ते टेबल. पुढच्या वर्षी दाराशेजारचं टेबल तुझं. पाटी लाव, पण पिवळी नको; निळी कर, पांढरी कर, काय हवं ते कर. लोक मला विचारतील तर मी सांगेन की त्याने दालनाचं भाडं भरलं. हीटरचंही भरशील तर बरं होईल, कारण यंदा कळलं की माणसं त्यासाठीच येतात.

मला तुझ्याशी पुन्हा मैत्री करायची आहे असा अर्थ काढू नकोस. तू धंदा सोडलास त्या दिवशी तुला जे म्हणालो त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. फोनवर तू बोलू देत नाहीस आणि मी ऐकून घेत नाही, म्हणून हे पत्र दानाईच्या हाती देतोय. बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तूच तिला तेल लावून पाण्यात बुडवून नाव दिलंस, म्हणून निदान तिच्यासमोर मला शिव्या घालू नकोस. तिला कॉफी पाज आणि 'हो' किंवा 'नाही' एवढंच सांगून परत पाठव.

शुक्रवारच्या आधी.

तुझा... ते राहू दे.

मिल्तोस

ता. क. तुझ्या दुकानाच्या तीन पायऱ्यांतली मधली हलते. म्हातारी माणसं चढतात, ती बसवून घे. काकू पुढे होत्या आणि परडी माझ्या हातात होती.