हात माझा नाही

बालायान, १२ फेब्रुवारी

प्रिय आंदोय,

तुला, सूनबाईला आणि छोट्या इनेसला आईचे, तुझ्या नानायचे, आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे बरं आहे. तांदूळ किलोमागे चार पेसो चढला, म्हणून सकाळी पेजच करते, सोबत सुकी मासळी. फोन न करता लिहितेय, कारण या घरात बोललेलं सगळं तुझ्या वडिलांना, तातायना, ऐकू जातं.

त्यांना मेंदूचा झटका येऊन गेल्याचं आत्याने कळवलंच असेल. बोलतात, चालतात. फक्त उजवा हात स्वतःच्या मर्जीने वागतो. डाव्याने शर्टाची बटणं लावली की उजवा काढून टाकतो. "कॉन्सिंग, ह्याला आवर!" म्हणतात, जणू शेजाऱ्याचं कुत्रं घरात शिरलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आपण हात हलवतो तेव्हा 'हे मीच करतोय' अशी वर्दी मेंदूला आधीच असते. यांना ती पोचत नाही. हात यांचाच, पण यांना वाटतं दुसराच कुणी हलवतोय.

आठवतंय ना, पाद्री व्हायची सेमिनरी सोडून लग्न करून आलास, आशीर्वादासाठी 'मानो पो' म्हणत त्यांचा हात कपाळाला लावायला वाकलास, आणि त्यांनी हात पाठीमागे घेतला. तू वाकलेलाच राहिलास. मी चुलीपाशी उभी होते. त्यावर आम्ही दोघं कधीच बोललो नाही.

रविवारी चर्चमधल्या मिस्सावरून आल्यावर फोनवर आलेला इनेसचा आजोबांसाठीचा निरोप मोठ्या आवाजात लावला. "लोलो, मानो पो!" तर तो उजवा हात उठला. बोटं खाली सोडून, आशीर्वादाला पुढे करतात तसा. समोर कुणीच नाही. त्यांनी डाव्याने ओढून तो मांडीखाली दाबला.

"मी नाही उचलला."

"मग कुणी?"

"त्यालाच विचार."

"विचारते की. तुमच्यापेक्षा शहाणा दिसतोय."

हसले नाहीत. म्हणाले, "परत लाव. काय करतो ते बघू."

तेव्हापासून रोज लावायला सांगतात. हातासाठी.

असा आशीर्वाद देवाच्या दारी चालतो का, हे पाद्रीबाबांना विचारायचं होतं. नाही विचारलं. नाही म्हणाले असते तर मी काय करणार होते?

आत्ता ते मागे येऊन उभे आहेत.

"कुणाला लिहितेस?"

"आंदोयला."

मग म्हणाले, "लिही, मी बोलावलेलं नाही."

तर लिहिते. तातायनी तुला बोलावलेलं नाही. ईस्टरच्या आधी ये. पोरीला घेऊन ये.

दाराची कडी न लावणारी,
तुझी नानाय