तुमच्या बंधूंचं ड्रिल मशीन

नारायण पेठ, पुणे
श्रावणातला सोमवार

ती. सौ. अक्कांना सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावून शेकता, की बाटली समोर ठेवून नुसतं तिच्याकडे बघता? (तुमच्या माहेरी औषध बघून बरं होण्याची पद्धत आहे, म्हणून विचारलं.) मिरजेत पाऊस बरा असेल. आम्ही सगळे सुखरूप आहोत, असं लिहायचं असतं म्हणून लिहिते. खरी हकीकत अशी, की तुमच्या धाकट्या बंधूंनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, घरात ड्रिल मशीन आणलंय. हातात धरायचं नव्हे. उभं, बिडाचं, खांबावर डोकं बसवलेलं, दांडा ओढला की खाली उतरून लोखंडाला भोक पाडणारं. वजन विचारू नका. हमाल दुसऱ्या मजल्यापर्यंत देवाचं नाव घेत आले आणि ह्यांचं नाव घेत खाली गेले.

तुम्हाला माहीतच आहे, कंपनीत कॉम्प्युटरवर चालणारी परदेशी यंत्रं आली आणि हत्यारं घडवणाऱ्या ह्यांच्या अख्ख्या टूलरूमला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. (स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती ह्यांची.) शाल मिळाली, भाषणं झाली आणि दुसऱ्या दिवसापासून हे खुर्ची टाकून जे बसले ते बसलेच. पेपरातल्या निविदासुद्धा वाचायचे. मंडईत पाठवलं तर भाजीवाली देईल ते निमूट घेऊन यायचे. शेवटी तीच मला म्हणाली, "काकांना बरं नाही का? घासाघीस करत नाहीत." आमची लेक अपेक्षा सॉफ्टवेअर कंपनीतून दमून यायची तरी म्हणायची, "बाबा, कॉम्प्युटर शिका ना, मी शिकवते." हे म्हणायचे, "बघू." त्या दिवसांत "बघू"शिवाय दुसरा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

मग एकदा फडताळाच्या लोखंडी पट्टीला भोकं पाडायला शेजारून हातातलं ड्रिल आणलं. भोक तिरकं गेलं. त्या भोकाकडे बराच वेळ बघून हे म्हणाले, "हातानं सरळ पडत नाही. मशीन हवं, आणि टिकाऊ हवं." एवढं लांब वाक्य ऐकून मला भरूनच आलं, नाहीतर तिथेच मोडता घातला असता. जुन्या बाजारातला विक्रेता ह्यांना म्हणाला, "काका, हे तुमच्यानंतरही चालेल." ते ह्यांनी घरी येऊन कौतुकानं सांगितलं. त्याला जागा हवी म्हणून मागच्या गॅलरीतलं कपडे धुण्याचं मशीन बाहेरच्या खोलीत आलं. त्यावर क्रोशाचा रुमाल घालून मी फोन ठेवलाय. पाहुण्यांना टीपॉय म्हणून सांगते.

पहिल्यांदा बटण दाबलं आणि खालच्या मजल्यावरचे आप्पासाहेब तावातावानं वर आले. "श्रीनिवासराव, गिरणी काढायची तर आधी कळवावं. आम्हीही दळण आणलं असतं!" पण मशीन बघितलं आणि दांडा ओढून बघायला लागले. जाताना छत्रीच्या मुठीला भोक पाडून घेऊन गेले. आता रोज तक्रार करायला येतात आणि चहा घेऊन जातात. माझी उलथनी, झारे, पोळपाट, सगळ्यांना टांगायला भोकं झाली. हवा खेळती राहावी म्हणून पापडाच्या डब्याच्या झाकणालाही पाडली. ऐन श्रावणात! पापड इतके सादळलेत, की घड्या घालून कपाटात ठेवता येतील.

त्या झाकणाचा जाब विचारायला मी गॅलरीत गेले, वाकून बोलायला लागले आणि माझा पदर फिरत्या मशीनमध्ये गेला. हिसका बसला. ह्यांनी बटण बंद केलं तोवर पदराची दोरी झाली होती आणि माझा गळा मशीनपासून वीतभर होता. मला खरचटलंसुद्धा नाही, पण हे मटकन खाली बसले. "मंदा, तुला काही झालं असतं तर?" अक्का, लग्न झाल्यापासून मला "अगं" म्हणणारा हा माणूस. नावानं हाक पहिल्यांदा मारली. मग मशीनवर चादर टाकली. पुन्हा खुर्ची, पुन्हा पेपर, पुन्हा "बघू".

मला ते बघवेना. पदर खोचला, केस घट्ट बांधले, चादर ओढून काढली आणि म्हटलं, "मला शिकवा."

"तुला?"

"का? पोळी गोल लाटते, भोक पाडता येणार नाही?"

त्यांनी आधी दिवसभर खपून मशीनच्या फिरत्या भागाला जाळीचा पिंजरा केला, मला बांगड्या काढायला लावल्या, मगच बटणाला हात लावू दिला. मागे उभं राहून सांगत होते, "हळू. रेटू नकोस. लोखंड आपण होऊन वाट देतं." कुरळा कीस वर आला आणि पट्टीतून पलीकडचा उजेड दिसला. अगदी सरळ भोक! हे असे हसले, की अपेक्षाच्या बारशानंतर मी तसं हसू बघितलं नव्हतं.

असो. एकंदरीत मशीन आवाज करतं, जागा खातं, माणसाला कामाचं ठेवत नाही. तुम्ही थोरल्या, तुमचं ते ऐकतात. हे धूड विकून टाक, असं त्यांना खडसावून लिहावं, ही विनंती.

आपली,
मंदाकिनी

ता. क. इथवर पत्र त्यांना वाचून दाखवलं (नावानं हाक मारल्याचं गाळून). "लिही, लिही," म्हणाले आणि हसत आंघोळीला गेले. आता खरं लिहिते. विकायचं चुकूनही सुचवू नका.

ता. ता. क. घरात भोक पाडण्यासारखं काही उरलेलं नाही. आप्पासाहेबांकडचंही संपलं. काल हे पुन्हा निविदा वाचताना दिसले. तुमच्याकडे कढईचा कान, बिजागरी, कडी, काहीही मोडकं असेल तर "श्रीनिवास, हे तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही" अशी चिठ्ठी घालून लगेच पाठवा. मोडकं काही नसेल, तर मोडा. न्हाणीतला नळ बंद झाला, पाकीट चिकटवते.